रबरी नियम

मोटर रेसिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते शूमाकर, हॅमिल्टन, शँपेनचे फवारे आणि कोट्यवधी रुपये. ‘आपल्याला काय करायचंय!’ असं म्हणून आपण पान उलटतो. पण मित्रांनो, रेसिंगचा एक प्रकार असा आहे की ज्यात सकाळी दूध आणायला नेलेली गाडी दुपारी स्पर्धेला उभी राहते. त्याचं नाव ऑटोक्रॉस.

एखादं भलंमोठं रिकामं पार्किंग किंवा वापरात नसलेली धावपट्टी घ्यायची, नारिंगी रंगाचे प्लॅस्टिकचे कोन मांडून नागमोडी रस्ता आखायचा आणि एकेक गाडी सोडून वेळ मोजायची. सगळा खेळ साधारण एका मिनिटाचा. वेग फार तर हायवेवर असतो तेवढा. कोन पाडला की प्रत्येक कोनामागे २ सेकंदांचा दंड. ज्याची वेळ सगळ्यात कमी तो जिंकला. शेजारून घासून जाणारी दुसरी गाडी नसल्यामुळे ठोकाठोकीचा प्रश्न फारसा येत नाही. बहुतेक वेळा नुकसान होतं ते कोनांचं आणि आपल्या इगोचं!

आपल्याकडच्या फॉर्म्युला स्टुडंट टीम्सना हा शब्द नवा नाही. कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर झालेल्या फॉर्म्युला भारत स्पर्धांमध्ये ‘ऑटोक्रॉस’ नावाची एक चाचणी असते. पण हा खेळ हौशी लोकांमध्ये खऱ्या अर्थाने रुजला तो अमेरिकेत. १९४४ साली स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजेच एससीसीए, तो ‘सोलो’ या नावाने चालवतो. १९७३ पासून त्याची राष्ट्रीय स्पर्धा होते. २००९ साली ती नेब्रास्का राज्यातल्या लिंकनला गेली. तिथल्या जुन्या विमानतळाच्या काँक्रीटवर हजाराच्या वर स्पर्धक जमतात. आणि मुख्य म्हणजे सगळा कारभार स्वयंसेवकांवर चालतो. जो सकाळी गाडी पळवतो तोच दुपारी उन्हात उभा राहून दुसऱ्यांनी पाडलेले कोन उचलतो. आपल्या गॅदरिंगसारखंच की! नाचायचं पण आपणच आणि सतरंज्या गुंडाळायच्या पण आपणच.

आता एवढ्या लोकांत कोणी पोर्शे घेऊन येणार, कोणी कॉर्व्हेट, तर कोणी दहा वर्षं जुनी होंडा सिव्हिक. सगळ्यांना एकाच रांगेत उभं करून काय उपयोग? म्हणून वर्ग पाडतात. त्यातला सर्वात साधा, नवख्यांसाठीचा समजला जाणारा विभाग म्हणजे ‘स्ट्रीट’. शोरूममधून निघालेली गाडी जवळपास तशीच हवी, हा त्याचा गाभा. शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदला, चालेल. अँटी-रोल बार बदला, पण पुढचा किंवा मागचा, एकच. ब्रेक पॅड बदला. व्हील बदला, पण रुंदी कंपनीने दिली तेवढीच. व्यास फार तर एक इंचाने कमी-जास्त. इंजिनच्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. मग या विभागात गाड्यांच्या दमाप्रमाणे सुपर स्ट्रीटपासून एच-स्ट्रीटपर्यंत पायऱ्या. थोडक्यात काय, तर पोर्शेने पोर्शेशी लढावं आणि सिव्हिकने सिव्हिकच्या तोलामोलाच्या गाडीशी.

हे सगळं वाचून वाटतं, वा! किती विचार केलाय! पण खरी गोम इंजिनमध्ये नाहीच, ती टायरमध्ये आहे.

ऑटोक्रॉसमध्ये सरळ रस्ता जवळजवळ नसतोच. सारखी वळणं, सारखं ब्रेकिंग. अशा वेळी इंजिनच्या दहा-वीस हॉर्सपॉवर बाजूला राहतात आणि सगळी भिस्त येते ती टायर जिथे जमिनीला टेकतो त्या चार तळहाताएवढ्या जागांवर. रबर जितकं मऊ, तितकं ते रस्त्याच्या बारीक खडबडीत जास्त शिरतं आणि चिकटून राहतं. पण मऊ रबर झिजतंही लवकर. पकड आणि आयुष्य, एक घ्या नाहीतर दुसरं घ्या, हा टायरवाल्यांचा जुना सौदा आहे. शिवाय धाव फक्त एका मिनिटाची, म्हणजे टायर तापायला वेळच नाही. त्यामुळे थंड असतानाच चिकटणारं रबर ज्याच्याकडे, तो पुढे.

२०१४ च्या आधी या विभागाचं नाव होतं ‘स्टॉक’. आणि त्या नावाची स्थिती मोठी विनोदी होती. गाडी शोरूमची, पण टायर मात्र जवळजवळ रेसचे! हूझियरसारख्या कंपन्यांचे अतिशय मऊ टायर, ज्यांच्यावर कायद्याने रस्त्यावर चालण्यापुरता शिक्का असायचा, पण ज्यांच्यावर घरापासून ऑफिसपर्यंत रोज जायला कोणीच धजावणार नाही, असे टायर तिथे चालत. मग लोक काय करायचे? साध्या टायरवर गाडी चालवत मैदानात यायचे, डिकीतून किंवा मागे जोडलेल्या छोट्या ट्रेलरमधून दुसरी चार चाकं काढायचे, जॅक लावायचे, चाकं बदलायचे, पळायचे, आणि संध्याकाळी पुन्हा जॅक. ती चाकं काही डझन धावांनंतर उतरणीला लागायची. म्हणजे इंजिनला हात लावायचा नाही म्हणून वाचवलेले पैसे रबरात!

क्लबने २०१४ साली हे बंद केलं. ‘स्टॉक’ जाऊन ‘स्ट्रीट’ आलं आणि त्याबरोबर टायरही रस्त्याचेच हवेत असं ठरलं. पण रस्त्याचा टायर म्हणजे कोणता? हे ठरवायला आकडा हवा. तो आकडा टायरच्या कडेवरच छापलेला होता: ट्रेडवेअर. आधी किमान १४० वर भागायचं, नंतर ती मर्यादा २०० झाली. जोडीला नव्या टायरच्या नक्षीची खोली निदान ७/३२ इंच, म्हणजे साधारण साडेपाच मिलिमीटर, आणि तो टायर दुकानात सगळ्यांना मिळाला पाहिजे, अशाही अटी आहेत. पण खेळाडूंच्या तोंडी बसला तो एकच आकडा. ‘टू हंड्रेड ट्रेडवेअर.’ या विभागाची ओळखच ती झाली.

आता हा आकडा येतो कुठून ते बघा, कारण गंमत तिथे आहे. अमेरिकन सरकारने ग्राहकांना टायर निवडायला सोपं जावं म्हणून ही ग्रेड देण्याची पद्धत काढली. टेक्सास राज्यात सॅन अँजेलोच्या आसपास सार्वजनिक रस्त्यांचा सुमारे ४०० मैलांचा एक फेरा ठरलेला आहे. त्यावर गाड्यांचा ताफा मिळून ७,२०० मैल, म्हणजे साधारण साडेअकरा हजार किलोमीटर पळवतात. सोबत तुलनेसाठी ठरलेले टायर लावलेली गाडी असते. त्या तुलनेच्या टायरपेक्षा आपला टायर दुप्पट टिकेल असं निघालं तर २००, पाचपट तर ५००. आकडा वीसच्या पटीत द्यायचा. घरगुती गाड्यांचे साधे टायर चारशे, पाचशे, सहाशेच्या घरात असतात.

पण हा आकडा सरकार देत नाही, टायर बनवणारी कंपनी स्वतःच देते. सरकार हवं तर तपासू शकतं. शिवाय ही झीज मोजली जाते सरळ हायवेवर, सभ्यपणे गाडी चालवून. वळणावर टायर किती चिकटतो याचा त्यात कुठेही संबंध नाही. कडेवर ‘ट्रॅक्शन’ नावाचा आणखी एक ग्रेड छापलेला असतो, पण तोही ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून काढलेला. वळणाचं नाव नाही. म्हणजे ऑटोक्रॉसमध्ये जी गोष्ट महत्त्वाची, नेमकी तीच त्या टायरवर कुठेही लिहिलेली नाही!

याहून मजा पुढे आहे. १९८३ साली अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्यानेच ट्रेडवेअरचा ग्रेड स्थगित केला होता. कारण? चाचणीचे निकाल इतके मागेपुढे होतात की ग्राहकाची दिशाभूल होईल असं खात्यालाच वाटलं. ‘पब्लिक सिटिझन’ ही ग्राहकांची बाजू मांडणारी संस्था कोर्टात गेली, आणि १९८४ साली कोर्टाने स्थगिती रद्द केली, कारण खात्याला ती नीट समर्थनीय ठरवता आली नाही. ग्रेड परत आला. म्हणजे ज्याच्या भरवशावर आज हजारो हौशी लोक आपला वर्ग ठरवतात, त्या आकड्यावर त्याच्या आईबापांचाच एकेकाळी विश्वास उडाला होता.

मग जे व्हायचं तेच झालं. दोनशेची रेघ आखल्याबरोबर टायर कंपन्या त्या रेघेला टेकून उभ्या राहिल्या. कंपन्यांचे केमिस्ट काही झोपलेले नसतात. २०१५ च्या सुमारास ब्रिजस्टोनचा आरई-७१आर आला आणि भलताच गाजला. पुढे योकोहामाचा ए०५२ आला, ब्रिजस्टोनने आरई-७१आरएस काढला, फाल्कनने आरटी-६६०. सगळ्यांच्या कडेवर २००. पण आधीच्या पिढीचा दोनशेचा टायर यांच्या शेजारी लावला तर तो लाकडाचा वाटावा! यात कोणी फसवणूक केली असं मी म्हणत नाही. हायवेवर सावकाश झिजणारं आणि वळणावर घट्ट धरणारं रबर बनवणं ही केमिस्ट्रीची कमालच आहे. परीक्षेत जे विचारतात त्याचा अभ्यास कंपन्यांनी केला, एवढंच.

परिणाम मात्र बघा. काही टायर थंडपणीच इतके चिकटतात की दोन-तीन धावांत जास्त तापून उलट घसरायला लागतात. म्हणून दोन धावांच्या मध्ये माणसं फवारणीचा पंप घेऊन टायरवर पाणी मारत असतात. शेतात द्राक्षाला औषध मारावं तसं! एका टायरची किंमत साईझप्रमाणे २०० ते ३०० डॉलर किंवा त्याहून वर. समजा ३०० धरले तर चारांचे १,२०० डॉलर. राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येकाला दोन दिवसांत, दोन वेगवेगळ्या ट्रॅकवर, रोज तीन अशा मिळून सहा धावा मिळतात. म्हणजे सगळी मिळून सहा-सात मिनिटं गाडी पळणार. त्यासाठी नवा कोरा सेट घेणारे आहेत, कारण निकाल सेकंदाच्या शंभराव्या, कधी हजाराव्या भागाने लागतो. आणि हा महागाचा टायर रोज ऑफिसला नेऊन कोण झिजवणार? म्हणून पुन्हा दुसरी चार चाकं, पुन्हा जॅक, पुन्हा डिकी. २०१४ साली जे दारातून हाकललं, ते खिडकीतून आत येऊन बसलंय.

हे वाचताना तुम्हाला काही ओळखीचं वाटलं का? मला तर वाटलंच. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली जी गोष्ट सांगितली, तिचा सोपा अर्थ असा: एखादं माप हेच जेव्हा ध्येय होतं, तेव्हा ते चांगलं माप राहत नाही. आपल्याला हे शिकायला गुडहार्टसाहेबांची गरज नाही. ड्रॉइंगची शीट मुलाच्या हाताला वळण लागावं म्हणून असते. पण सबमिशनला मोजतात ती शीटची संख्या. म्हणून रात्री दोनला हॉस्टेलमध्ये काचेखाली बल्ब लावून जीटी मारणं चालू असतं! शीट पूर्ण, सही मिळाली, हात मात्र कोराच. पंचाहत्तर टक्के हजेरीचंही तसंच. वर्गात शरीर असतं, हजेरी लागते. डोकं कुठे असतं ते विचारू नका. दोनशे ट्रेडवेअर ही टायर कंपन्यांची जीटी आहे. आकडा हुबेहूब उतरवलाय, त्यामागचा हेतू नाही.

म्हणजे हा नियम टाकाऊच का? नाही. त्याच्या पदरात त्याचं माप टाकलंच पाहिजे. आजचा दोनशेचा टायर जुन्या हूझियरपेक्षा नक्की जास्त टिकतो. त्याला पुरेशी नक्षी आहे, पाऊस आला तर त्यावर गाडी चालवत घरी जाता येतं. तो कोणीही दुकानातून विकत घेऊ शकतो. आणि नियम एका ओळीचा आहे. टायरच्या कडेवर वाचा, संपलं. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला लॅबोरेटरी लागत नाही. ज्यांनी कधी कुठलीही स्पर्धा भरवली आहे त्यांना या शेवटच्या मुद्द्याची किंमत कळेल. तपासता न येणारा चांगला नियम हा तपासता येणाऱ्या साध्या नियमापेक्षा वाईट असतो.

मग उपाय काय? काही जण म्हणतात, आकडा वाढवा. दोनशेचा तीनशे करा. माझ्या मते हे औषध नाही, फक्त तारीख पुढे ढकलणं आहे. कंपन्या तीनशेच्या रेघेला जाऊन टेकतील. काही म्हणतात, सगळ्यांना एकाच कंपनीचा एकच टायर द्या. एकाच मॉडेलच्या गाड्या असतील तिथे हे जमतं. पण इथे चौदा इंची चाकापासून वीस इंची चाकापर्यंत सगळ्या साईझ लागतात, आणि एका कंपनीच्या हातात अख्खा खेळ द्यायचा हेही बरं नाही. आणखी एक मार्ग म्हणजे क्लबने मंजूर टायरांची यादी काढायची. त्यात मग यादी करणाऱ्यांवर रोज नवा आरोप! हौशी क्लबमध्ये मैत्री तुटायला एवढं पुष्कळ आहे.

मला जो उपाय पटतो तो अगदी साधा आहे. टायरचा ग्रेड मोजत बसण्यापेक्षा टायरच मोजा. दोनशेची अट दारावर राहू दे, पण तिच्यावर सगळा भार नको. गुणांच्या स्पर्धांसाठी प्रत्येक गाडीला एका मोसमात एक सेट, म्हणजे चार टायर, आणि पंक्चर वगैरेसाठी एक जादा. पहिल्या स्पर्धेला त्यांच्यावर रंगाची खूण किंवा स्टिकर. पुढच्या प्रत्येक वेळी तीच खूण दिसली पाहिजे. बस्स!

याचा फायदा कसा होतो बघा. आज मऊ टायर घेणाऱ्याला त्या मऊपणाची शिक्षा फक्त पाकिटात होते. पाकीट मोठं असेल तर शिक्षाच नाही. पण मोसमभर तेच चार टायर पुरवायचे म्हटल्यावर मऊपणाची शिक्षा घड्याळात होईल. एप्रिलमध्ये पहिला आलेला सप्टेंबरपर्यंत गोट्यावर पळत असेल! मग तो आपोआप जरा टणक टायर घेईल, नाहीतर गाडी इतक्या हळुवारपणे चालवायला शिकेल की टायर टिकतील. दोन्हीत खेळाचं भलंच आहे. कंपन्यांनाही टेक्सासच्या हायवेवर टिकणारा टायर बनवून भागणार नाही, ऑटोक्रॉसच्या काँक्रीटवर टिकणारा बनवावा लागेल. म्हणजे झिजेची परीक्षा जिथे झीज होते तिथेच होईल. आपल्या भाषेत सांगायचं तर जी राशी मर्यादेत ठेवायची आहे तीच मोजली, तिची सावली नाही.

याला तीन आक्षेप येणार हे मला माहीत आहे.

पहिला, तपासणार कोण? माणसं कमी, काम जास्त. पण प्रत्येक स्पर्धेआधी गाडीची तपासणी आजही होतेच. हेल्मेट बघतात, चाकं घट्ट आहेत का ते बघतात, टायरच्या आतले धागे बाहेर दिसत नाहीत ना ते बघतात. त्यात चार ठिपके बघायला अर्धा मिनिट जाईल. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक टायरवर बारकोड असतो आणि प्रत्येक ड्रायव्हरला किती सेट मिळणार ते ठरलेलं असतं. आपल्याला बारकोड नको, रंगाचा डबा आणि ब्रश पुरे. आणि ही पद्धत आधी फक्त राष्ट्रीय पातळीवर लावून बघावी. गल्लीतल्या रविवारच्या स्पर्धेला कशाला त्रास द्यायचा?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. झिजलेल्या टायरवर माणसाला पळायला लावणं धोक्याचं नाही का? इथे २००५ सालची इंडियानापोलिसची अमेरिकन ग्रां प्री आठवावी लागते. त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये नियम होता की क्वालिफाइंग आणि पूर्ण रेस एकाच सेटवर काढायची. तिथल्या तिरक्या वळणावर मिशेलिनचे टायर टिकेनात. शेवटी मिशेलिनवाल्या १४ गाड्या फॉर्मेशन लॅप मारून पिटमध्ये परतल्या आणि ब्रिजस्टोनवाल्या फक्त ६ गाड्यांनी रेस केली. त्याच रेसमध्ये जॉर्डन टीमचा आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. आपल्याला आनंद झाला, पण त्या खेळाची अब्रू गेली. २००६ ला टायर बदलण्याची मुभा परत आली. यातून धडा घ्यायचा तो असा की टायर मोजायचे तर सुटकेची वाट ठेवूनच मोजायचे. म्हणूनच तो जादा टायर. धागा दिसला की गाडी बाहेर, तिथे दयामाया नको. शिवाय ताशी तीनशे किलोमीटरने तिरक्या भिंतीशेजारून जाणं वेगळं आणि सपाट मैदानात एक मिनिट कोनांमधून जाणं वेगळं.

तिसरा आक्षेप असा की जो जास्त सराव करतो त्याचेच टायर जास्त झिजतील, म्हणजे मेहनती माणसाला शिक्षा. पण मोजायचे ते गुणांच्या स्पर्धेतले टायर. सराव हव्या त्या टायरवर करा ना! जुन्या, स्वस्त, टणक टायरवर सराव केलेला माणूस नव्या टायरवर आणखी चांगला चालवतो असंच जाणकार सांगतात. आज उलट आहे. ज्याला परवडतं तो प्रत्येक मोठ्या स्पर्धेला ताजे टायर लावतो आणि ज्याला परवडत नाही तो सेकंदाचे दोन दशांश आधीच हरून सुरुवातीच्या रेघेवर उभा राहतो.

माझा खरा राग या दोन दशांशांवर आहे. हौशी खेळात पैसा असणार, हे मला मान्य आहे. चांगल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा सेट काही हजार डॉलरला पडतो, तोही स्ट्रीट विभागात चालतो. वर्गात सगळ्यात योग्य ठरणारी गाडी विकत घेणं हा तर त्याहून मोठा खर्च. पण शॉक एकदा घेतले की चार-पाच वर्षं चालतात. सेकंडहँडही मिळतात. टायर मात्र दर मोसमाला, दर स्पर्धेला पैसे खातो. जो खर्च पुन्हा पुन्हा येतो तोच माणसाला खेळातून बाहेर काढतो. कॉलेज संपवून नोकरीला लागलेला, कर्जावर घेतलेली एकच गाडी असलेला पोरगा हा विभाग वाचून म्हणतो, ‘अरे, हा आपल्यासाठी आहे!’ आणि दुसऱ्या वर्षी गुपचूप यायचं बंद करतो. नियमाचं पुस्तक त्याच्यासाठी लिहिलेलं होतं. मग तोच नाही आला तर ते पुस्तक कशासाठी?

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या टायरशी आपला काय संबंध? आहे, फार जवळचा आहे. आपण इंजिनिअर होणार आहोत. पुढे आपल्यापैकी कोणी कंपनीत इन्स्पेक्शनची शीट बनवेल, कोणी टेंडरच्या अटी लिहील, कोणी स्टँडर्डच्या कमिटीवर बसेल, कोणी इथेच लेक्चरर होऊन सबमिशन तपासेल. प्रत्येक जण कुठे ना कुठे असाच एखादा दोनशेचा आकडा ठरवणार आहे. तेव्हा हातात एक चांगलं उदाहरण असू द्या. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये पेट्रोल इंजिनच्या तोंडाशी २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर बसवावा लागतो. कुठलंही इंजिन आणा, हवा त्या वीस मिलिमीटरमधूनच जाणार. तिथे जाहिरात, ग्रेड, शिक्का काही चालत नाही. ताकद आवरायची होती तर त्यांनी ताकदीचा घासच मोजला. हुशारी करायला मुलांना जागा पुष्कळ आहे, पण पळवाटेला जागा फार थोडी. नियम असावा तर असा.

आणि सर, मॅडम, तुम्हीही हे पान वाचता म्हणून धीर करून लिहिते. सबमिशनच्या वेळी फाईलची जाडी बघण्याऐवजी मधलंच एखादं पान उघडून एक प्रश्न विचारलात तर जीटी एका सेमिस्टरमध्ये बंद होईल. आम्हाला ते आवडणार नाही, पण आमच्या भल्याचं होईल.

नियम रबरासारखा असावा का लोखंडासारखा, यावर हॉस्टेलमध्ये रात्रभर वाद घालता येईल. मला विचाराल तर नियम टायरसारखाच हवा. रस्त्याला टेकलेला हवा. आणि किती झिजला ते अधूनमधून खाली वाकून बघायला हवं.